हलगीला हॉट वर्क परमिट

आमच्या गावात रविवार गुरुवारी येतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे समजावताना तोंडाला फेस येतो. वीज एकाच दिवशी सगळ्यांना पुरायची नाही, म्हणून वीज मंडळाने फार पूर्वी औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे वार वाटून दिले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पदरात गुरुवार पडला. पुढे मंडळाची कंपनी झाली, लेथच्या जागी सीएनसी आली, मालकाच्या स्कूटरच्या जागी मर्सिडीज आली (तीही चाकणलाच जोडलेली), पण गुरुवार काही हलला नाही. त्यात हिंजवडीवाल्यांचा शनिवार-रविवार, चाकणच्या मोठ्या कंपन्यांचा आपापला वार आणि बाजारपेठेचा आणखी तिसराच. आमच्या सोसायटीत अशी घरं आहेत की बाप गुरुवारी मोकळा, मुलगी शनिवार-रविवारी आणि आई कधीच नाही.

अशा गावात मी कार्यक्रम करते. गाण्याच्या मैफली, नाटकाचे प्रयोग, मुलांच्या कार्यशाळा, शाहिरी, कंपन्यांचे फॅमिली डे, आणि महिना अगदीच कोरडा चालला असेल तर साखरपुडासुद्धा. इतर ठिकाणचे आयोजक तारीख काढायला पंचांग बघतात, मी शिफ्ट चार्ट बघते. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. संध्याकाळी साडेपाचचा कार्यक्रम ठेवला, तर पहिल्या शिफ्टचा माणूस चारला घरी येऊन ‘जरा पाठ टेकतो’ म्हणतो आणि थेट आठला उठतो. दुसरी शिफ्ट तेव्हा मशिनवर असते. तिसऱ्या शिफ्टचा माणूस येतो, अगदी हौसेने येतो, पण त्याचा सगळा जीव कंपनीच्या बसमध्ये अडकलेला.

यातले एक काका माझ्या चांगलेच ओळखीचे आहेत. रात्री साडेनऊच्या प्रयोगाला कडेची खुर्ची, अंगात युनिफॉर्म, मांडीवर डब्याची पिशवी. पडदा वेळेवर उघडला नाही तर सगळ्यात आधी टाळ्या यांच्या, कारण मध्यंतर अकराच्या आसपास आणि बस अकरा दहाला नाक्यावर. त्यामुळे गेली कित्येक वर्षं त्यांनी फक्त पहिले अंक पाहिलेत. रहस्यनाट्यांवर त्यांचा विशेष लोभ, पण मराठी रंगभूमीवरचा एकही खुनी त्यांना ठाऊक नाही. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, “काका, शेवट सांगू का?” तर हात जोडून म्हणाले, “नको ताई. नाटक पहिल्या अंकातच असतं. दुसऱ्यात नुसतं उलगडून टाकतात.” नाट्यसमीक्षेची पुस्तकं मीही थोडीफार चाळलीत. त्यांत एवढं नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही.

माझा धंदा नेमका काय आहे, हे नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. सासूबाई शेजारणीला सांगतात, “मंडपाचं काम आहे तिचं.” आत्याला वाटतं मी निवेदन करते. नवरा एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीत आहे, त्याला सगळं कळतं आणि तोच जास्त त्रास आहे. कार्यक्रमाला माणसं कमी आली की रात्री जेवताना तो पाच ‘का’ काढतो. त्यांच्याकडे ही पद्धतच आहे. दोष दिसला की पाच वेळा ‘का’ विचारत मुळाशी जायचं. माणसं का आली नाहीत? पाऊस होता. पाऊस असताना कार्यक्रम का ठेवला? सभागृह त्याच दिवशी मिळालं. त्याच दिवशी का मिळालं? बाकी तारखा आधीच गेल्या होत्या. आधी बुकिंग का केलं नाही? अनामत भरायला पैसे नव्हते. पैसे का नव्हते? इथपर्यंत आलो की आम्ही दोघंही ताटाकडे बघतो. कुठल्याही कार्यक्रमापासून सुरुवात करा, पाचवा ‘का’ ‘तू हा धंदाच का निवडलास’ याच्या दारात येऊन उभा राहतो. मग तो म्हणतो, “करेक्टिव्ह अॅक्शन काय लिहू?” मी म्हणते, “भात वाढ.”

आता कंपन्यांकडे येते, कारण खरा पैसा तिथे आहे. निदान आहे असं ऐकून आहे.

चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्याचा वर्धापनदिन होता. साहेबांना काहीतरी ‘आपल्या मातीतलं’ हवं होतं. मी पोवाडा सुचवला. साहेब खूश झाले, टाळी दिली आणि फाइल परचेसला पाठवली. परचेस खात्यातला तरुण अतिशय सभ्य होता. म्हणाला, “मॅडम, पोवाड्याची तीन कोटेशनं लागतील.” मी सांगितलं, शाहीर एकच ठरलेत. “मग सिंगल सोर्स जस्टिफिकेशन द्या. हाच शाहीर का, दुसरा का नाही, टेक्निकल कारणासहित.” मी एक पान लिहून दिलं. आवाजाचा पल्ला, डफावरचा हात, खुल्या मैदानात माइकशिवाय पोचण्याची क्षमता. त्याने वाचून विचारलं, “क्षमता किती मीटर?”

मग रेटचा प्रश्न आला. त्यांच्या सिस्टिममध्ये युनिट लागतं. नग, किलो, मीटर, तास. पोवाडा यांपैकी कशात बसवायचा यावर बराच खल होऊन तो तासावर गेला. पुढची अडचण अशी की सिस्टिममध्ये शाहिराला कोडच नव्हता. सगळ्यात जवळचा कोड निघाला ‘मनुष्यबळ पुरवठा, अकुशल’. मला वाईट वाटलं. शाहिरांना दाखवू नये असं ठरवलं होतं, पण ऑर्डरची प्रत त्यांच्याच हातात पडली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “चालतंय. फक्त ओव्हरटाइम डबल लागतो का बघा.”

कार्यक्रमाच्या दिवशी आमची गाडी मटेरियल गेटवरून घ्यायची होती, कारण आम्ही सामान घेऊन आलो होतो. सुरक्षारक्षकाने रजिस्टर उघडलं. आत जाणारी प्रत्येक वस्तू लिहायची, म्हणजे परत बाहेर नेताना भांडण नको. डफ एक, हलगी दोन, दिमडी एक, झांजांची जोडी एक. रकाने होते: मेक, मॉडेल, सिरियल नंबर. तुणतुण्यापाशी तो थबकला. उलटसुलट करून नंबर शोधला आणि शेवटी ‘वायर खेचलेला डबा, चालू स्थितीत’ असं लिहून मोकळा झाला. मग विचारलं, “रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?” तुणतुणंवाल्याने ते छातीशी धरलं. त्याच्या वडिलांचं होतं.

आत गेल्यावर सगळ्यांना हेल्मेट आणि सेफ्टी शूज. फेटा बांधलेल्या डोक्यावर हेल्मेट बसत नाही, यावर पंधरा मिनिटं गेली. शेवटी फेटे हातात, हेल्मेट डोक्यावर, अशी ही मंडळी पिवळ्या पट्ट्यांच्या आतून एका रांगेत स्टेजकडे गेली. आणि स्टेजमागे हलगीवाल्याने खिशातून काडेपेटी काढली.

ज्यांनी हलगी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. हलगीचं कातडं हवेतल्या ओलीने सैल पडतं. वाजवण्याआधी कागद-काटक्यांचा जाळ करून ते धगीवर धरायचं, बोटाने टिचकी मारून बघायचं, पुन्हा धरायचं. ताण बरोबर आला की ती खणखणते. त्याआधी नुसती थपथप. आता हा जाळ जिथे होणार, तिथून हाकेच्या अंतरावर पेंट शॉप होतं. सेफ्टी ऑफिसर धावत आले. “इथे काडी ओढता येणार नाही!”

“साहेब, ताप दिल्याशिवाय ती बोलत नाही,” हलगीवाला म्हणाला.

“हीट गन देतो.”

“मशिनच्या वाऱ्यानं ती रुसते.”

सेफ्टी ऑफिसर माणूस रसिक असावा, कारण त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी फॉर्म मागवला. कारखान्यात उघडी आग लागणारं कुठलंही काम असलं की हॉट वर्क परमिट निघतं. फॉर्मवर कामाचे प्रकार छापलेले होते: वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग, इतर. ‘इतर’पुढे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘हलगी तापवणे’. कालावधी एक तास. काम करणाऱ्याने गॉगल आणि हातमोजे वापरावेत. शेजारी अग्निशामक नळकांडं घेऊन एक माणूस पूर्ण वेळ उभा राहील. मग स्क्रॅप यार्डातल्या मोकळ्या जागेत, हेल्मेट, गॉगल आणि वेल्डरचे हातमोजे घालून, जुन्या वर्तमानपत्राच्या जाळावर आमच्या हलगीवाल्याने हलगी तापवली. हातमोज्यांतून कातड्याची धग कळेना, म्हणून एक मोजा काढायची परवानगी तोंडी देण्यात आली. टिचकी मारली. खण्ण! शॉपमधली दोन-चार डोकी वर झाली. नळकांडंवाल्याचा पाय आपोआप ठेका धरू लागला.

सेफ्टी ऑफिसर फॉर्म घेऊन पुढे आले. “परमिट क्लोज करायचंय. काम पूर्ण झालं?”

हलगीवाला म्हणाला, “आत्ता कुठं सुरू होतंय, साहेब.”

कार्यक्रम दणक्यात झाला. बिलाचं मात्र वेगळं आहे. कलाकाराचा हिशेब त्याच रात्री, फेटा उतरायच्या आत, हातात पाकीट असा असतो आणि तो तसाच असायला हवा. कंपनीचा हिशेब तीन महिन्यांनी. छोट्या उद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यावं असा कायदा २००६ पासून आहे. तो मी एकदा फोनवर म्हणून दाखवला, तेव्हा अकाउंट्सच्या बाई फार आपुलकीने म्हणाल्या, “हो ना, आहे खरा.” वर टीडीएस. तो कापला म्हणजे नक्की कोणी खाल्ला, हे झांजवाल्याला मला अजून पटवून देता आलेलं नाही. या दोन टोकांच्या मधलं जे अंतर आहे, त्यात माझं मंगळसूत्र दोनदा जाऊन आलंय.

या धंद्यात आले तेव्हा मला वाटायचं, आपण काहीतरी नवीन करतोय. तो भ्रम नारायणगावला उतरला. चाकणहून नाशिक रस्त्याने तासाभराचं अंतर, म्हणजे प्रत्यक्षात दोन तास. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीत फडाचा मॅनेजर, समोर डायरी, आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं सुपारी द्यायला बसलेली. चैत्री पौर्णिमेला यात्रा असणारी गावं पुष्कळ, म्हणून त्या तारखेचा भाव वेगळा, आडवारी वेगळा. तारखेप्रमाणे दर बदलायची ही अक्कल विमान कंपन्यांना फार उशिरा सुचली. किती कलाकार, किती गाड्या, जेवण कोणाचं, पाऊस आला तर काय, सगळं तोंडावर ठरतं. इसार तिथल्या तिथे मोजला जातो आणि तीन कोटेशनं मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं जातं.

मी तिथे एका म्हाताऱ्या मॅनेजरपाशी बसले होते. मी काय करते ते ऐकून त्यांनी एकच विचारलं, “पैसे आधी घेता का नंतर?” नंतर म्हटल्यावर त्यांनी डायरी मिटली आणि माझ्यासाठी पोहे सांगितले.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. ट्रक, तंबू, कनाती, शंभर तोंडांचा स्वयंपाक, गावगुंड आणि वर स्वतःचं नाचणं-गाणं, हे सगळं एका बाईने सांभाळणं म्हणजे काय, याचा अंदाज मला आता जनरेटरवाल्याशी भांडताना थोडाफार येतो. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, राज्य सरकार आज त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं आणि शेवटचा काळ मात्र पैशाच्या ओढाताणीतच गेला. महिला उद्योजकतेच्या परिषदा मी पुष्कळ पाहिल्यात, दोनचार तर मीच भरवल्यात. पडद्यावर अमेरिकेतल्या बायकांचे फोटो येतात. विठाबाईंचा फोटो लावू म्हटलं, तर प्रायोजकाचा माणूस म्हणाला, “बघा ना, ऑडियन्स कॉर्पोरेट आहे.” मी लावला. कोणी काही बोललं नाही, एक लेडी प्लँट हेड मात्र चहाच्या वेळी म्हणाली की तिच्या आजोबांनी विठाबाईंसाठी शेतातलं पाणी सोडून दिलं होतं. ज्वारी जळाली म्हणे त्या वर्षी.

आमचा खरा प्रतिस्पर्धी ओटीटी नाही. बैलगाडा आहे. मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही मान्यता दिली, आणि खेड-चाकण-भोसरीच्या घाटांना, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांना, पुन्हा उधाण आलं. त्या आनंदात मीही आहे, पण घाट ज्या दिवशी, त्या दिवशी माझं नाट्यगृह ओस. चार बैल, पुढे उधळलेली घोडी, आणि काही सेकंदांत बारी संपते. त्या सेकंदांसाठी माणूस दिवसभर उन्हात उभा राहतो आणि माझ्याकडे एसीत बसून विचारतो, “लांबलं नाही का जरा?”

घाटावरच्या निवेदकांइतका तयारीचा माणूस मी माइकवर पाहिला नाही. बैलाचं नाव, मालकाचं नाव, गाव, आजोबांचं नाव, मागच्या वर्षीची बारी, सगळं तोंडपाठ आणि सहा तास घसा बसत नाही. असा एक गुणी मुलगा मी मोशीच्या एका कार्यक्रमात निवेदनाला उभा केला. कथक होतं. पहिलं अर्धं त्याने फार अदबीने काढलं. पण नर्तिकेने चक्करांना सुरुवात केली, तबला चढला, आणि त्याच्यातला घाट जागा झाला. “भिर्रर्र... उचलली, उचलली... झाली, झाली, झाली!” नर्तिका समेवर आली ती त्याच्या ‘झाली’वरच. सभागृह उभं राहिलं. नंतर ती मेकअप रूममध्ये मला म्हणाली, “पुण्यात कोणी अशी सम दिली नाही हो मला. हा पुढच्या प्रयोगाला मिळेल?”

पुण्याचं नाव निघालंच. दापोडीचा हॅरिस ब्रिज ओलांडला की कलाकारांचा रक्तदाब वाढतो. “चिंचवड जरा लांब पडतं हो,” असं मला ज्यांनी फोनवर सांगितलं, ते त्याच महिन्यात सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला गेले होते. चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीत अत्रे रंगमंदिर, भोसरीला अंकुशराव लांडगे नाट्यगृह, सांगवीकडे निळू फुले, प्राधिकरणात गदिमा. अत्रे आणि निळूभाऊ एकाच महापालिकेच्या वीजबिलावर आहेत, हे भाग्य किती शहरांना? २०१६ च्या जानेवारीत ८९ वं साहित्य संमेलन पिंपरीत एच.ए. कंपनीच्या मैदानावर भरलं. १९५४ साली स्थापन झालेल्या, देशाला एकेकाळी पेनिसिलिन पुरवणाऱ्या कारखान्याचं मैदान. साहित्यिकांच्या वादांवर मात्र अजून कुठलंच अँटिबायोटिक लागू पडलेलं नाही. २०२४ च्या जानेवारीत शंभरावं नाट्यसंमेलनही इथेच झालं. एवढं होऊनही पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, “तुमच्याकडे प्रेक्षक असतो?”

असतो. आणि तो पुण्याच्या प्रेक्षकापेक्षा वेगळा आहे. पुण्यात माइक खरखरला तर प्रेक्षक निषेध नोंदवतात. आमच्याकडे खिशातून टेस्टर काढतात. एका मैफलीत स्पीकरमधून बारीक गूं असा आवाज येत होता. गायिका बिचारी तंबोरा समजून त्यातच सूर लावत होती. तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उठले, साउंडवाल्याच्या कानाशी लागले, “अर्थिंग सुटलंय,” म्हणाले आणि स्टेजखाली शिरले. त्यांच्यामागे दुसरे गेले, कारण पहिल्यांचं निदान त्यांना मान्य नव्हतं. मग तिसरे, मोबाइलची बॅटरी धरायला. आलाप संपेपर्यंत स्टेजखाली तीन वेगवेगळ्या कंपन्यांचा मेन्टेनन्स विभाग भरला होता. गूं थांबला. तिघं कपडे झटकत जागेवर जाऊन बसले आणि विलंबित ऐकू लागले. नाटकाचा जिना करकरला तर मध्यंतरात कोणीतरी हळूच येऊन विचारतो, “ताई, टॅक मारून देऊ का? गाडीत मशिन आहे.” तिकिटाचे पैसे विचाराल, तर पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, हे मी जाहिरातीत ठळक छापून पाहिलं. फोन आले. सगळ्यांनी एकच विचारलं, “पास आहे का?”

हे लोक नुसते बघेच नाहीत. दर वर्षी ४ मार्चपासून कारखान्यांत सुरक्षा सप्ताह असतो, तेव्हा नाटुकल्यांच्या स्पर्धा होतात. मी परीक्षक म्हणून जाते. गोष्ट कायम तीच: एकाने हेल्मेट घातलेलं नसतं, तो मरतो, यमाकडे जातो. पण त्यात काय काय रंग भरतात! एका नाटुकल्यात यमराज फोर्कलिफ्टवरून आले, रेड्याची शिंगं पुढच्या काट्यांना बांधलेली, आणि चित्रगुप्ताने त्यांनाच आधी लायसन विचारलं. एका असेंब्लीवाल्याने मेल्यावर बायकोला फोन करायचा प्रसंग असा केला की प्लँट हेडने चष्मा पुसायला काढला. हाच मुलगा पुढे कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरला. जून आणि डिसेंबरच्या पगारातून या मंडळाचे जे काही रुपये कापले जातात, त्यावर कुरकुर करणाऱ्यांना मी या मुलाचं काम बघा म्हणून सांगते. तालमीला तो रात्रीची शिफ्ट संपवून सकाळी आठला यायचा. दिग्दर्शकाने एकदा सांगितलं, “या सीनमध्ये तू थकलेला दिसायला हवास.” तो म्हणाला, “सर, आजचा दिवस हाच सीन घेऊ.”

चाकणमध्ये कार्यक्रम करायचा, तर कलेच्या आधी वाहतूक. १६६० साली शाहिस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्गावर जवळपास दोन महिने झुंजवलं. आज खान आला असता, तर तळेगाव चौकातच अडकला असता आणि फिरंगोजींना तोफ डागायची वेळच आली नसती. माझा एक तबलजी त्या चौकात दीड तास होता. इकडे गायक स्टेजवर. शेवटी कंपनीच्या कँटीनमधला एक पोरगा पुढे आला, पखवाज वाजवतो म्हणाला, आळंदीचा. दोन अभंग त्याने असे वाजवले की तबलजी पोचला तेव्हा त्याला प्रेक्षकांत खुर्ची शोधावी लागली. मानधन मात्र दोघांनाही द्यावं लागलं.

सध्या माझ्या टेबलावर दिवाळीचं काम आहे. एका कंपनीला वसुबारसेला, सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, प्लँटमध्ये ‘दिवाळी पहाट’ हवी आहे. मी सकाळी साडेसहाची वेळ सुचवली, सगळं ठरलं, आणि युनियनचं पत्र आलं: पहाट फक्त पहिल्या शिफ्टलाच का? मुद्दा बिनतोड होता. एचआरच्या मॅडमनी मध्यम मार्ग काढला. एक पहाट सकाळी साडेसहाला, एक दुपारी तीनला, एक रात्री साडेअकराला.

गायकाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दुपारी तीनला मी भैरव कसा गाऊ? भीमपलास घेतो. रात्री मालकंस.” मी हे मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, “नाही हो, सकाळच्या शिफ्टला जे गाणार तेच सगळ्यांना द्या. नाहीतर पुन्हा पत्र येईल.” गायक आता भैरवावर विचार करतोय. तबलजी ओव्हरटाइमवर विचार करतोय. रांगोळीवाल्या मुलींनी विचारलंय की सकाळची रांगोळी फोर्कलिफ्ट गेल्यावर पुन्हा काढायची का आणि त्याचे वेगळे मिळतील का.

काल परचेसमधून ऑर्डरचा मसुदा आला. ‘दिवाळी पहाट, ३ नग.’ खाली त्या सभ्य तरुणाचा फोन. तीन नग घेतोय म्हटल्यावर रेट खाली यायला हवा, हे त्याने सांगितलंच. शिवाय म्हणाला, “मॅडम, आयटम नवीन आहे, आमच्याकडे आधी कधी घेतलेला नाही. तर असं करा ना, एक पहाट सॅम्पल म्हणून आधी पाठवा. क्वालिटीने ओके केली की उरलेल्या दोन उचलू.”